तलवार ओढत येणारा चतुर : युद्धात आणि मार्कोसच्या काळात फिलिपिनो लेखकांनी काय आणि कसं लिहिलं

डोलकाठी

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणता दोन वर्षं गेली, आज बसलोच.

मी बोटीवर होतो, इंजिनरूमला. आपल्या कोकणातली पोरं बोटीवर जातात तशी फिलिपाइन्समधली तर कितीतरी जास्त, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक जहाजावर निम्मा क्रू तिकडचा असायचा. एका जहाजावर एक ऑयलर होता, माझ्यापेक्षा वयानं मोठा. सगळे त्याला कुया म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे दादा म्हणतो तसं, मग मीही म्हणायला लागलो. रात्रीचा आठ ते बारा वॉच संपवून मेसरूममध्ये कॉफी पीत बसलो होतो. वाचनाचा विषय निघाला तसं त्यानं स्टोअर लिस्टचा एक जुना कागद पालथा घातला आणि पेन्सिलीनं एकाखाली एक अक्षरं लिहायला लागला. शब्द नाहीत, नुसती अक्षरं, वरून खाली. मला वाटलं हा स्पेअर पार्टचे नंबर मांडतोय. चोवीस अक्षरं झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला, वाच. वाचलं तर निघालं, मार्कोस, हिटलर, दिक्तादोर, तुता. मार्कोस म्हणजे तेव्हाचा त्यांचा राष्ट्राध्यक्ष, दिक्तादोर म्हणजे हुकूमशहा.

मग त्यानं सांगितलं की ही एका कवितेच्या ओळींची पहिली अक्षरं. कविता इंग्रजीत होती, चोवीस ओळींची, १९७३ साली फोकस नावाच्या साप्ताहिकात छापून आली, आणि फोकस म्हणजे सरकारच्या मर्जीतलं साप्ताहिक. मार्शल लॉ लागून वर्षसुद्धा झालं असेल नसेल. कविता ग्रीक पुराणातल्या प्रोमिथियसवर, म्हणजे कुणाला संशय येण्याचं कारणच नाही, खाली कवीचं नाव रुबेन कुएव्हास. संपादकानं आडवी वाचली आणि छापली, लोकांनी उभी वाचली. ती घोषणा मनिलाच्या रस्त्यावर १९७० च्या मोर्च्यांत पोरं ओरडायची तीच होती. तुता म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, आपल्या भाषेत ताटाखालचं मांजर म्हणा, अमेरिकेच्या ताटाखालचं. लक्षात आल्यावर अंक स्टॉलवरून परत गोळा केले पण तोवर जायचा तिथे गेला होता. हा रुबेन कुएव्हास म्हणजे होसे लाकाबा, सगळे त्यांना पीट लाकाबा म्हणतात, पत्रकार आणि कवी, तेव्हा भूमिगत होते.

तो कागद मी जपून ठेवलाय. त्या रात्रीपासून मिळेल तसं वाचत आलो, बहुतेक इंग्रजी भाषांतरातून, थोडं कुयाच्या आणि त्याच्यासारख्यांच्या तोंडून ऐकून. एक गोष्ट मनात पक्की बसली ती सांगायला हा धागा. आपल्याला वाटतं दडपशाही आली की लिहिणं बंद होतं किंवा मग सगळं जहाल होतं. तिथे दोन्ही वेळा, जपान्यांच्या वेळी आणि मार्कोसच्या वेळी, लिहिणं लहान झालं, आडोशाला गेलं, आणि अर्धं काम वाचणाऱ्यावर सोपवलं. वाचणारा सामील झाल्याशिवाय ते साहित्य पुरंच होत नाही.

आधी युद्धाचं सांगतो. २ जानेवारी १९४२ ला जपानी सैन्य मनिलात शिरलं. त्याआधी चाळीस वर्षं अमेरिकेचं राज्य होतं, शाळा इंग्रजी, प्रतिष्ठेचं लिखाण इंग्रजीत, तागालोग म्हणजे मनिला भागातली भाषा, तिच्यातले लेखक म्हणजे मासिकवाले असा एकूण सूर. जपान्यांनी अमेरिकन ते सगळं हटवायचं म्हणून इंग्रजीवर बंधनं घातली आणि १९४२ मध्येच जपानीबरोबर तागालोगला अधिकृत भाषा केलं. लिवायवाय नावाचं साप्ताहिक १९२२ पासून घरोघर जायचं, ते आपल्या देखरेखीखाली चालू ठेवलं. लिवायवाय म्हणजे पहाट. इंग्रजीत लिहिणाऱ्यांपुढे प्रश्न आला की गप्प बसायचं की आईच्या भाषेत लिहायचं, आणि बरेच जण वळले. १९४३ सालच्या उत्तम पंचवीस कथा निवडून त्यांचं पुस्तक निघालं. पहिला नंबर नार्सिसो रेयेस यांच्या लुपांग तिनुबुआन म्हणजे जन्मभूमी या कथेला, दुसरा लिवायवाय आर्सेओ या लेखिकेच्या उहाव आंग तिगांग ना लुपा म्हणजे तहानलेली कोरडी जमीन हिला, तिसरा एन. व्ही. एम. गोन्झालेस यांना, जे एरवी इंग्रजीत लिहिणारे.

आता हे बघा, रेयेसांच्या कथेत मनिलात राहणारा एक मुलगा रेल्वेनं वडिलांच्या गावी मयतीला जातो, घरच्यांच्या बोलण्यातून वडिलांचं लहानपण ऐकतो आणि ती माती त्याला आपली वाटायला लागते, बस. आर्सेओबाईंच्या कथेत एक मुलगी आपल्या घरातली शांतता सांगते, आई बोलत नाही, वडिलांच्या कागदांत दुसऱ्याच बाईवरचं प्रेम सापडतं, वडील मरणाच्या दारात. ह्यात जपानी कुठेत? युद्ध कुठेय? कुठेच नाही. सेन्सॉरला काढायला एक ओळ सापडणार नाही. पण १९४३ साली, भात मिळत नाही, रस्त्यात सैनिकासमोर वाकून नमस्कार न घातला तर थोबाडीत बसते, अशा वेळी एखादा माणूस आपल्या गावची माती हातात घेतोय असं वाचणाऱ्याला काय वाटलं असेल याचा विचार करा.

आणि छोट्या कविता. हायकू जपान्यांबरोबर आली, पण तिच्याबरोबर तानागा नावाचा तागालोगचा स्वतःचा जुना प्रकार परत वर आला. चार ओळी, प्रत्येक ओळीत सात अक्षरं, चारही ओळींना एकच यमक. इल्देफोन्सो सान्तोस यांची भाताच्या रोपावरची तानागा तिकडे शाळेतल्या मुलांनाही येते. वारा आला तसं रोप वाकलं, परत उभं राहिलं आणि त्याला सोन्याचं फळ धरलं, एवढंच त्यात आहे. त्यांचीच चतुरावरची हायकू, आपण मुलं दोरा बांधून पकडायचो तो चतुर. तू तलवार ओढत येतोस, तू जवळ आलास आणि फूल थरथरलं. सतरा अक्षरं. कमरेला तलवार लावलेले जपानी अधिकारी गावागावातून फिरत होते त्या काळात हे लिहिलंय.

मार्कोसच्या काळाचं पुढच्या प्रतिसादात लिहितो. ज्यांनी वाचलंय त्यांनी भर घाला.

रानजाई

डोलकाठीदादा, किती दिवसांनी असं काहीतरी वाचायला मिळालं. तो पेन्सिलचा कागद डोळ्यासमोर आला अगदी.

मी लुआल्हाती बाउतिस्ता यांची देकादा सितेंता वाचलीय, म्हणजे सत्तरचं दशक, तिच्यावरचा सिनेमाही पाहिला आहे २००२ चा. त्याबद्दल लिहिते कारण मला वाटतं मार्कोसच्या काळावरची सगळ्यात जास्त वाचली गेलेली कादंबरी ती असावी. अमांदा नावाची मध्यमवर्गीय बाई, नवरा नोकरीतला, पाच मुलगे. नवऱ्याचं म्हणणं बाईनं घर बघावं. मोठा मुलगा चळवळीत जातो, भूमिगत होतो. एक मुलगा, जेसन, त्याचा राजकारणाशी काडीचा संबंध नाही, पोलिसांच्या हाती लागतो आणि पुढे त्याचं प्रेतच मिळतं. आणि हे सगळं ती आई सांगते, घरात बोलतो तशा भाषेत, अधेमधे इंग्रजी शब्द टाकत, जसं आपण आत्ता इथे लिहितोय तसं. मला तेच फार लागलं. हुकूमशहाबद्दल मोठमोठ्या शब्दांत लिहिलेलं असतं तर मी पन्नास पानांत ठेवून दिलं असतं, पण ही बाई शाळेच्या डब्यापासून सुरू करते, कोण जेवलं, कोण अजून आलं नाही, आणि मग एक दिवस ताटं मोजताना एक ताट कमी होतं.

पुस्तकाला १९८३ चं पालान्का बक्षीस मिळालं, तिकडचं मोठं साहित्याचं बक्षीस, म्हणजे मार्कोस अजून गादीवर होता हे विसरू नका.

शंकेखोर

धागा उत्तम. पण एक शंका आहे, राग मानू नका.

चतुराच्या हायकूत जपानी अधिकारी दिसणं हे आपण आज बसून पाडलेलं नाही ना? चतुर हा जपानी कवितेत नेहमीचा किडा आहे, हायकू लिहायला शिकणारा माणूस सहज चतुरावर लिहील. भाताचं रोप वाकतं ते वाऱ्यानं, त्यात लष्कर कशाला आणायचं. असं कुठल्याही कवितेतून काहीही काढता येईल. आर्सेओबाईंची कथा नवरा-बायकोच्या दुःखाची आहे, ती तशीच मोठी आहे. तिला युद्धाची कथा म्हणून टाकलं तर बाईंच्या लेखनावर अन्यायच होतो असं मला वाटतं.

डोलकाठी

शंकेखोर, राग कसला, बरोबर जागी बोट ठेवलंत. सान्तोसांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण वाचणारे त्या काळात कसे वाचत होते, त्याची एक खूण देतो. युद्धात अमेरिकन सिनेमे बंद झाले, तिकडचं सिनेमा काढणंही जवळजवळ थांबलं, त्यामुळे थेटरं रिकामी पडली आणि तिथे नाटकं आणि बोदाबिल सुरू झालं. बोदाबिल म्हणजे गाणी, नकला, विनोद असा मिळून कार्यक्रम, तमाशाच्या बतावणीजवळ जाणारं काहीतरी. पुगो आणि तोगो ही जोडी फार लोकप्रिय. जपानी सैनिक लोकांची मनगटी घड्याळं काढून घ्यायचे, तर ह्या दोघांनी स्टेजवर सैनिकाच्या वेषात येऊन बाही वर सारली, कोपरापर्यंत घड्याळंच घड्याळं. एक शब्द बोलले नाहीत आणि थेटर डोक्यावर घेतलं लोकांनी. दोघांना तुरुंगात टाकलं. आणि तोगो हे नाव तोजोच्या, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या पंतप्रधानाच्या, जवळ जातं म्हणून त्याला नावही बदलावं लागलं, तुगिंग झाला. ज्या लोकांना हात वर केलेला दिसला की कळत होतं, त्यांना चतुराची तलवार कळली नसेल असं मला नाही वाटत.

आर्सेओबाईंचं मात्र तुमचं मान्य. ती कथा युद्धाची नाही. मी म्हणतो ते एवढंच की ती त्या वर्षी छापली गेली आणि इतकी उंच गेली, आणि त्यात बोलता न येणाऱ्या घराची गोष्ट आहे. वाचणारे स्वतः तशाच घरांत बसले होते.

पेडण्याची_पोर

माझा मुद्दा वेगळा आहे. वरच्या लेखात असं वाटतंय की जपान्यांनी तागालोगचं भलं केलं. हे मला पटत नाही, पटवून घ्यायचंही नाही.

एक तर तागालोग म्हणजे फिलिपाइन्स नव्हे. इलोकानो आहे, सेबुआनो आहे, हिलिगायनोन आहे, कोट्यवधी लोक बोलतात. इलोकानोचं बान्नावाग साप्ताहिक १९३४ पासूनचं. हिलिगायनोनमध्ये माग्दालेना हालान्दोनी नावाच्या बाईनं ढीगभर कादंबऱ्या लिहिल्या. राजधानीच्या भाषेला लष्करानं खुर्ची दिली तर बाकीच्यांना काय मिळालं? मी गोव्याची, भाषेवर राज्यकर्त्यांचा हात पडला की काय होतं ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. पोर्तुगीजांनी १६८४ मध्ये फतवा काढला होता की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायचं. एकाने भाषा सोडायला लावायची, दुसऱ्याने धरायला लावायची, दोन्हीत सोटा त्याच्याच हातात ना. तागालोगमध्ये चांगल्या कथा झाल्या त्या लिहिणाऱ्यांनी केल्या. जपान्यांनी फक्त दुसरं दार बंद केलं होतं.

आणि दार बंद झाल्यावर काहींना जीवच गमवावा लागला त्यांचं पण लिहा. मान्वेल आर्गिया, इलोकानो मुलुखातला माणूस, ला युनियन प्रांतातल्या बावांगजवळच्या नाग्रेब्कान गावचा, लिहायचा इंग्रजीत. त्याची ती कथा, मोठा भाऊ शहरातून बायको घेऊन येतो आणि धाकटा भाऊ बैलगाडीनं दोघांना घरी नेतो, वडिलांनी मुद्दाम शेतातल्या वाटेनं आणायला सांगितलेलं असतं, वहिनी घाबरते का बघायला. संध्याकाळ, गाडीखाली टांगलेला कंदील, बैलाचा वास, मला तर आमच्या मामाच्या गावची वाट वाटली ती. हा माणूस युद्धात गनिमी फौजेसाठी गुप्त बातम्या काढत होता. पकडला गेला आणि १९४४ मध्ये जपान्यांनी त्याला ठार केलं. पस्तिशीही पार केली नव्हती. त्यानं पुढे काय लिहिलं असतं?

डोलकाठी

ताई, तुम्ही लिहिलंत ते माझ्या लेखात असायला हवं होतं. जपान्यांनी भलं केलं असं मला म्हणायचं नव्हतं, पण वाक्यांचा सूर तसा झालाय हे खरं आहे. लिहिणाऱ्यांनी केलं, हेच बरोबर.

आर्गियाची कथा माझ्याकडे आहे. शेवटी वडील धाकट्याला विचारतात, वाटेत भाऊ काय बोलला, ती घाबरली का. एवढ्याशा प्रश्नात सगळं घर बसलंय.

आणखी एक नाव, आमादो हेर्नान्देस. हे पण युद्धात गनिमांच्या बाजूनं गुप्त काम करत होते, नंतर कामगार पुढारी, आणि १९५१ च्या जानेवारीत त्यांना अटक झाली, म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावर, लोकांनी निवडलेल्या सरकारकडून, बंडाच्या आरोपाखाली. पाच वर्षांहून जास्त तुरुंगात, १९५६ ला जामीन, १९६४ ला सुप्रीम कोर्टानं निर्दोष सोडलं. तुरुंगात इसांग दिपांग लांगित ही कविता लिहिली. दिपा म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं ते अंतर, आपली वाव. म्हणजे वावभर आकाश, कोठडीच्या खिडकीतून दिसणारं. ह्या एका शब्दासाठी मी दोन दिवस अडलो होतो, आमच्याकडे दोर वावेनं मोजतात हे आठवलं आणि एकदम जागेवर बसलं. त्यांची मोठी कादंबरी म्हणजे शिकारी पक्ष्यांवरची, मगा इबोंग मांदारागित, ती होसे रिसाल, म्हणजे स्पेनच्या राज्यात मारला गेलेला त्यांचा राष्ट्रीय लेखक, त्याच्या १८९१ च्या कादंबरीतलं समुद्रात फेकलेलं धन पुन्हा वर काढते. रिसालची गोष्ट संपली तिथून गनिमी पोरांच्या हातात देते. पुस्तकरूपात आली १९६९ ला आणि पुढच्याच वर्षी हेर्नान्देस गेले. १९७३ मध्ये मार्कोसच्याच सरकारनं त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय कलावंत केलं.

वाटसरू_७२

मी वयानं इथे बहुतेक सगळ्यांत मोठा असेन. आपल्या आणीबाणीत मुंबईच्या टाइम्समध्ये जून १९७५ ला लोकशाहीच्या निधनाची छोटी जाहिरात आली होती, मृत्यूच्या जाहिरातींच्या रांगेत, बायको सत्य, मुलगा स्वातंत्र्य अशी नावं बेमालूम इंग्रजी स्पेलिंगमध्ये बसवलेली. आमच्या ऑफिसात तो पेपर हातोहात फिरला होता, कुणी मोठ्यानं वाचत नव्हतं, नुसतं बोट ठेवून पुढे द्यायचे. तुमच्या त्या चोवीस ओळी वाचताना तेच आठवलं. पण आमची एकवीस महिन्यांत सुटका झाली. तिकडे किती वर्षं चाललं? आणि त्या लाकाबांचं पुढे काय झालं ते सांगा, ती गोष्ट अर्धीच ठेवलीत तुम्ही.

डोलकाठी

काका, सांगतो. मार्शल लॉच्या जाहीरनाम्यावर तारीख २१ सप्टेंबर १९७२, लोकांना कळलं २३ ला, सकाळी उठले तर पेपर नाहीत, रेडिओ नाही. पहिलाच हुकूम वृत्तपत्रं आणि रेडिओ स्टेशनं ताब्यात घेण्याचा. कागदावर मार्शल लॉ १९८१ ला उठला, पण मार्कोस गेला तो फेब्रुवारी १९८६ मध्ये. साडेतेरा वर्षं. अॅम्नेस्टीचा आकडा सत्तर हजार तुरुंगात, चौतीस हजारांचा छळ, ३,२४० मारले गेले.

पीट लाकाबांना १९७४ मध्ये पकडलं. खूप मारलं. दोन वर्षं आत होते. बाहेर कसे आले ते ऐका. निक होआकिन हे तिकडचे फार मोठे लेखक, इंग्रजीत लिहायचे, त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय कलावंत हा सन्मान द्यायचं ठरलं. हा सन्मान मार्कोसनंच १९७२ मध्ये सुरू केलेला. होआकिन म्हणाले, घेतो, पण लाकाबाला सोडा. आणि सोडलं. सन्मान घ्यावा की नाकारावा यावर आपल्याकडे केवढी भांडणं होतात, ह्या माणसानं तो घेऊन एक माणूस सोडवून आणला. नंतर मार्कोसच्या बायकोच्या, इमेल्दाबाईंच्या समोरच एका समारंभात लेखकाच्या स्वातंत्र्यावर बोलले, त्यानंतर त्यांना तसल्या समारंभांना बोलावणं आलं नाही.

पण दुसरा भाऊ राहिला नाही. एमान लाकाबा, पीटचा धाकटा, तोही कवी, आतेनेओ युनिव्हर्सिटीत शिकलेला, अतिशय हुशार पोरगा. शहर सोडून डोंगरात बंडखोरांबरोबर गेला. मार्च १९७६ मध्ये दावाओ भागात मारला गेला, जिवंत हाती लागल्यावर गोळी घातली. सत्तावीस वर्षांचा होता. म्हणजे ज्या वर्षी थोरला सुटला त्याच वर्षी धाकटा गेला. हे लिहितानाही मला थांबावं लागतंय. त्याच्या शेवटच्या कविता म्हणजे शहरातल्या लेखक-कलावंतांना लिहिलेली पत्रंच आहेत, कवीनं चालून चालून पायाला काय झालंय, कुठल्या घरात काय खाल्लं, असं सगळं त्यात आहे.

रानजाई

माझी भाची दावाओला मेडिकलला आहे, तिच्याबरोबर आपली महाराष्ट्रातली कितीतरी मुलं आहेत. फोनवर तिला एमानचं विचारलं. तिला नाव माहीत नव्हतं पण तिच्या घरमालकीणबाईंना माहीत होतं. त्यांनी तिला बसवून तासभर सांगितलं म्हणे, आणि शेवटी बायान को गाणं म्हणून दाखवलं, स्वयंपाकघरात, गॅस बारीक करून. बायान को म्हणजे माझा देश, पिंजऱ्यातल्या पक्ष्यालाही उडायचं असतं तर एवढ्या सुंदर देशाला का नसेल, असं काहीसं गाणं आहे. १९२९ चं, अमेरिकेच्या राज्यातलं, आणि मार्कोसच्या वेळी जाहीरपणे म्हणायला बंदी होती. बाई म्हणाल्या त्यांची आई ते नुसतं गुणगुणायची, शब्द न उच्चारता.

मनिला_मुक्काम

मी कामानिमित्त सहा वर्षं मनिलाला लागून असलेल्या माकातीत आहे. ह्या धाग्यामुळे गेल्या रविवारी मुद्दाम फोर्ट सान्तियागोला परत गेलो, आधी दोनदा नुसता पाहुण्यांना फिरवायला गेलो होतो.

किल्ला पासिग नदीच्या कडेला आहे. आत जमिनीवर पितळी पावलं बसवलीत, रिसाल ३० डिसेंबर १८९६ ला कोठडीतून गोळ्या घालायच्या मैदानाकडे चालत गेला ती वाट. त्याची शेवटची कविता त्यानं एका छोट्या स्पिरिटच्या स्टोव्हमध्ये लपवून बहिणीच्या हाती बाहेर दिली होती. पावलांमधलं अंतर बारीक आहे, मी त्यावर पाय ठेवून बघितले, लहान पावलं टाकत चालला असणार. तिथून पुढे तळघरं. जपानी केम्पेताईनं, म्हणजे त्यांच्या लष्करी पोलिसांनी, लोकांना तिथेच कोंडलं होतं. १९४५ मध्ये मनिलाची लढाई झाली, एक महिना चालली, त्यात सुमारे एक लाख सामान्य माणसं मेली, आणि नंतर ह्या तळघरात सहाशेच्या आसपास प्रेतं सापडली. वर एक पांढरा क्रूस आहे, तिथेच त्यांना पुरलंय. शाळेची ट्रिप आलेली, पोरं त्या क्रूसाशी एकदम गप्प झाली.

आणि मग त्याच आवारात, पडक्या भिंतींत, उघड्यावरचं थेटर. राजा सुलायमान थेटर. पेटा म्हणून नाटक मंडळी आहे, १९६७ ला सुरू झाली, ते इथे नाटकं करायचे, सगळा मार्शल लॉ चालू असताना. मी तिथे दगडावर बसलो बराच वेळ. खाली नदीवरून बार्ज जात होती. ज्या भिंतींनी रिसाल बघितला, केम्पेताई बघितली, त्याच भिंतींचा पडदा करून लोक नाटक करत होते, आणि प्रेक्षकांत साध्या वेषातले पोलीस असणारच.

नाटकांतलं सगळ्यात धाडसाचं म्हणतात ते मात्र इथलं नाही, युनिव्हर्सिटीतलं. बोनिफासियो इलागान यांचं पाग्साम्बांग बायान, १९७७. इलागान स्वतः दोन वर्षं आत राहून बाहेर आलेले. नाटक म्हणजे चर्चमधला मिस्सा, तीच प्रार्थना, तेच उभं राहणं बसणं, फक्त मधे शेतकरी येतात, कामगार येतात, आदिवासी येतात आणि आपलं गाऱ्हाणं घालतात आणि बघता बघता मिस्सा त्यांचा होतो. प्रेक्षक सगळे कॅथलिक, त्यांना उत्तरं पाठ, ते आपसूक बोलायला लागतात. मिस्सा बंद करायचा हुकूम कसा काढणार? दिग्दर्शक बेन सेर्वान्तेस यांना अटक झाली. त्याच वर्षी इलागानची बहीण रिसालिना नाहीशी झाली, आजतागायत सापडलेली नाही.

शंकेखोर

मनिला_मुक्काम, हे वाचून माझी वरची शंका मी अर्धी मागे घेतो. प्रेक्षकाला उत्तरं पाठ असतात हा मुद्दा लागू पडतो, चतुरालाही.

रामायणावर पण त्या काळात काहीतरी झालं होतं ना तिकडे? कुठेतरी वाचल्याचं आठवतं.

डोलकाठी

हो, रामा हारी, १९८०. रॉक संगीत आणि बॅले, संगीत रायन कायाब्याब यांचं आणि शब्द बिएन्वेनिदो लुम्बेरा यांचे. आणि लुम्बेरा कोण तर हाडाचे मास्तर आणि समीक्षक, अमेरिकेत पीएचडी करून इंग्रजी सोडून तागालोगकडे आलेले, लेखकांच्या डाव्या संघटनेत होते म्हणून मार्शल लॉनंतर भूमिगत झाले, जानेवारी १९७४ मध्ये पकडले गेले आणि डिसेंबरपर्यंत आत होते. त्यांची सुटका मागायला एक जुनी विद्यार्थिनी पुढे आली, नंतर तिच्याशीच लग्न केलं. वनवासाची गोष्ट तुरुंगातून आलेल्या माणसानं लिहिली, मार्कोसच्या राज्यात.

१९९३ मध्ये लुम्बेरांना मॅगसेसे मिळालं. त्याच वर्षी आपल्या पुण्याच्या डॉ. बानू कोयाजी पण मनिलात मॅगसेसे घ्यायला होत्या. दोघांची ओळख झाली असेल का, उगाच मनात येतं.

पेडण्याची_पोर

ऑगस्ट २०२२ मध्ये तिकडच्या भाषा आयोगानं, हो, भाषा आयोगानंच, पाच पुस्तकं सरकारविरोधी ठरवून छापू नका, वाटू नका असं पत्रक काढलं होतं. त्यातलं एक लुम्बेरांच्या लेखनावरचं होतं आणि एक नाटकांचं, मालू हाकोब यांचं, ज्यांचं हुआन ताम्बान पेटानं १९७९ ला केलं होतं. लुम्बेरा सप्टेंबर २०२१ ला गेले आणि वर्ष व्हायच्या आत हे. आणि मे २०२२ ला निवडून कोण आलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मार्कोसचा मुलगा. लेखकांनी लगेच आवाज उठवला, पुस्तकांची मागणीही वाढली असं तिकडची माझी मैत्रीण म्हणाली. पण मला भाषा आयोग हा शब्द टोचत राहिला. भाषेसाठी नेमलेली माणसं.

वाटसरू_७२

डोलकाठी, तो तानागा प्रकार डोक्यातून जाईना. दोन रात्री बोटांवर अक्षरं मोजतोय. सात अक्षरं, चार ओळी, एकच यमक. आपल्या ओवीच्या मानानं फार आखूड, श्वास घ्यायला जागा नाही. एक जमली आहे, बघा :

पावलं दारी आली
चिमणी मंद झाली
वही उशीच्या खाली
ओळ पोरीनं प्याली

चिमणी म्हणजे रॉकेलची, पक्षी नव्हे.

डोलकाठी

काका, मोजली. सातच आहेत, चारही ओळींत. शेवटच्या ओळीत तुम्ही वही वाचवायची सोडून ओळ वाचवलीत.

कुया आता त्याच्या गावी असतो, रिटायर झालाय. आज रात्री त्याला फोन लावून ही आधी मराठीत म्हणून दाखवतो, मग अर्थ सांगतो.

रानजाई

आधी मराठीतच म्हणा. यमक त्यांना कळेल.